विषबाधा : लक्षणे, प्रथमोपचार आणि गैरसमज

औषधांचे कपाट, ओट्याखालचा कोपरा आणि देवघर या घरातील सर्वांत परिचित जागा. मात्र अतिप्रमाणात घेतलेल्या गोळ्या, रॉकेल, फिनेल, उंदीर मारण्याचे औषध, एवढेच काय, पूजेचा कापूरही जिवावर बेतू शकतो. वेळेवर उपचार मिळाल्यास यांतील बहुतेक रुग्ण वाचतात. तथापि घरगुती उपाय आणि पोलिसांची भीती यांपायी मोलाचा वेळ वाया जातो.

लक्षणे कशी ओळखावीत?

वेदनाशामक व अन्य औषधे : पॅरासिटामॉल तापावरील गोळ्यांप्रमाणेच सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्र औषधांतही असते. त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा घेतली जाते. निरोगी प्रौढासाठी चोवीस तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. अतिमात्रेनंतर पहिल्या दिवशी किरकोळ मळमळ होते किंवा काहीच जाणवत नाही. यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी उघड होते. 'एन-ॲसिटिलसिस्टीन' हा उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. म्हणूनच रुग्ण ठणठणीत दिसला तरी थांबू नये.

अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, गुंगी येते आणि श्वास मंदावतो. त्यावर 'नॅलॉक्सोन' हा उतारा आहे. झोपेच्या गोळ्यांसोबत मद्य घेतल्यास धोका अनेक पटींनी वाढतो.

गर्भवतींसाठी आणलेल्या लोहाच्या गोळ्या लहान मुले गोड समजून खातात. उलट्या-जुलाबानंतर मूल काही तास बरे वाटते आणि मग एकाएकी खालावते.

कीटकनाशके : लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, लहान झालेल्या बाहुल्या आणि छातीत घरघर ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणे. त्यावर 'ॲट्रोपीन' देतात. ही विषे त्वचेतून आणि श्वासावाटेही शरीरात जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला, तो अशाच संपर्कातून. अशा वेळी हातमोजे घालून रुग्णाचे कपडे काढावेत आणि अंग साबण-पाण्याने धुवावे.

विषारी दारू : मिथेनॉलची लक्षणे बहुधा बारा ते चोवीस तासांनी दिसतात. दृष्टी धूसर होणे, पोटदुखी आणि धाप ही त्याची खूण. मुंबईत २०१५ मध्ये मालवणी येथील दुर्घटनेत शंभराहून अधिक बळी गेले. एकाला त्रास सुरू झाल्यास सोबत प्यायलेल्या सर्वांनी इस्पितळात जावे.

कापूर : मुलांनी वडी खाल्ल्यास काही मिनिटांतच झटके येऊ शकतात.

हे करावे

- १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दिल्लीच्या 'एम्स'मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असून तेथे चोवीस तास सल्ला मिळतो.
- बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे.
- डोळ्यांत रसायन उडाल्यास वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावे.
- बाटली, वेष्टन किंवा रिकामी गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी. काय, किती आणि केव्हा घेतले, या तीन प्रश्नांवर उपचार ठरतात.

हे टाळावे

मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करविणे ही सर्वांत रूढ आणि घातक चूक होय. जादा मिठाने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाते. रॉकेल उलटीवाटे फुप्फुसात शिरून दाह निर्माण करते, तर आम्ल अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजते. दूध, ताक, चिंचेचा कोळ किंवा तूप हे कोणत्याही विषावरील उतारे नव्हेत. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात पाणीही घालू नये.

कायद्याची भीती नको

इस्पितळ पोलिसांना कळवते, हे खरे. परंतु त्यासाठी उपचार थांबविता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच, तातडीचे उपचार हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ ला स्थान नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अपवाद. त्यामुळे डॉक्टरांपासून काहीही लपवू नये. मनात असे विचार येत असल्यास 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

प्रतिबंध

औषधे कुलपात ठेवावीत, मुलांना गोळी 'चॉकलेट' म्हणून देऊ नये आणि रॉकेल किंवा फिनेल शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये.