मानमोडी

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्यास होता. हा इन्फ्लुएंझा, आपल्या लोकांनी त्याला ‘मानमोडी’ म्हटले. सप्टेंबरात तो उग्र होऊन परतला. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे दगावली. त्यातच पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेले. या साथीत शहरातील युरोपियनांत हजारी सुमारे ८ मेले. खालच्या मानलेल्या जातींत सुमारे ६२. ताप एकच, खोली, हवा आणि शुश्रूषा मात्र निराळी!

आपल्या बिद्रीच्या कारखान्याचे गळीतही ऐन थंडीतच चालते. तोडकरी कुटुंबे कोप्यांतून दाटीने राहतात. १९१८ साली लस नव्हती, आज आहे. पण ताप आलेल्या तोडकऱ्याला दोन दिवस निजू देणारा मुकादम अजून शोधावा लागतो.