गाडीचं मायलेज का पडतं? टायर, कॅरिअर आणि घाटातला न्यूट्रल

दोन वर्षांपूर्वी मी सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक घेतली आणि हौसेने तिला रुंद टायर, अलॉय आणि टपावर कॅरिअर बसवून घेतलं. पुण्यात लिटरला १६ च्या आसपास मिळणारं मायलेज १३ वर आलं. मेकॅनिक म्हणाला, इंजेक्टर साफ करा. केले, फरक शून्य. मग कोडमधला बग शोधताना करतो तेच केलं, एकेक बदल मागे घेत गेलो.

पहिला सापडला कॅरिअर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेलात तर वेग २५ टक्के वाढतो, पण हवेचा विरोध ५६ टक्के. एक्सप्रेसवेवर इंधन मुख्यतः इथे जातं. त्यात टपावर सामान म्हणजे हवेत उभी केलेली भिंतच. अमेरिकन सरकारच्या इंधन-बचतीच्या माहितीनुसार टपावरच्या बंद सामान-पेटीने हायवेवर मायलेज ६ ते १७ टक्के घटतं. नुसता रिकामा कॅरिअरसुद्धा थोडं खातोच, आणि माझा तर वर्षातून दोनदा गावी जाताना सोडला तर रिकामाच होता!

टायरची गंमत वेगळी. मूळ १६५/८० आर१४, मी लावले १९५/६५ आर१५. बाहेरचा व्यास साधारण ६२० मिमीवरून ६३४ वर गेला. ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, त्यामुळे गाडी १०० किमी गेली तरी तो ९७.६ दाखवणार. म्हणजे घटलेल्या मायलेजचा थोडा भाग फक्त कागदावरचा होता; जीपीएसने अंतर ताडून पाहिल्यावर हे लक्षात आलं. बाकीची घट खरी, कारण मोठं चाक जड असतं आणि प्रत्येक सिग्नलनंतर ते फिरवायला जास्त जोर लागतो. हवा कमी असेल तर आणखी. चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय कमी झाला की साधारण ०.२ टक्के मायलेज जातं. आकडा किरकोळ वाटतो, पण हवा कमी असलेला टायर हायवेवर तापतो, त्याची काळजी जास्त करा. हवा टायर थंड असताना तपासायची.

ओबीडी पोर्टमध्ये खोचायचं ‘फ्युएल सेव्हर’ मीही घेतलं होतं. उघडून पाहिलं तर आत दिवे लुकलुकवणारी चिप, बाकी काही नाही. एअर फिल्टरचंही तसंच. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत किती हवा येते ते सेन्सर पाहतो आणि ईसीयू तेवढंच पेट्रोल सोडतो. फिल्टर तुंबला तर पिकअप मरतो, मायलेज फारसं हलत नाही. कार्बोरेटरच्या काळात गोष्ट वेगळी होती.

त्याच काळातली दुसरी सवय मात्र जीवावर बेतू शकते. आमचे बाबा घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायचे, कधी कधी इंजिनही बंद. ‘पेट्रोल वाचतं रे.’ ताम्हिणी उतरताना मी ब्लूटूथ स्कॅनर लावून त्यांना आकडे दाखवले. गाडी गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला: इंधन शून्य. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, म्हणून ईसीयू इंजेक्टर बंदच करतो. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला पुन्हा पेट्रोल सुरू. अगदी हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी लांबवर घरंगळते हे खरं, पण घाटात आपल्याला वेग आवरायचा असतो. इंजिनची मदत काढून घेतली की सगळा भार ब्रेकवर. ते तापले की पकड जाते. इंजिन बंद असेल तर ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. दोन-तीनदा दाबलात की पॅडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड होतं. चढताना जो गिअर लागतो, उतरतानाही साधारण तोच ठेवा.

शहरात हवेचा मुद्दा मागे पडतो. तिथे प्रत्येक ब्रेकसोबत आधी जाळलेलं पेट्रोल उष्णता होऊन जातं. पुढचा सिग्नल लाल दिसला की पाय लवकर उचला, एवढंच मी बदललं. छोटं पेट्रोल इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पितं, म्हणून अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर गाडी बंद करतो.

मोजायचं असेल तर डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. ऑटो-कटपर्यंत टाकी भरा, चालवा, त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. असं निदान तीन वेळा. कंपनीने सांगितलेल्या एआरएआयच्या आकड्याशी तुलना करून उदास होऊ नका. ती चाचणी प्रयोगशाळेतल्या रोलरवर होते, वेग ९० च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो.

कॅरिअर आता गॅलरीत पडलाय. अलॉय मात्र काढले नाहीत, आवडतात मला. मायलेज सध्या १५ च्या थोडं वर आहे. बाबा घाटात गिअर ठेवतात, पण सोसायटीच्या गेटपाशी आले की हात अजूनही आपोआप न्यूट्रलकडे जातो.