केमिकल लेसमधलं रेशीम



पर्युषणाच्या आधी डायनिंग टेबलासाठी रनर शिवायला घेतला. जाडसर पांढरं सुती कापड होतं, दोन्ही टोकांना लेस लावायची होती. सासूबाईंच्या पेटीत चार बोटं रुंद अशी जुनी सुती लेस होती. हातभर कमी पडत होती, म्हणून तिचा तुकडा घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "काकू, ही केमिकल लेस."

सुती लेसला केमिकल का म्हणायचं? प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाचत बसले.

ही लेस विणलेली नसतेच. कापडावर यंत्राने भरतकाम करतात आणि नंतर खालचं कापडच नाहीसं करतात. स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन शहरात 1883 च्या सुमारास ही युक्ती निघाली. पातळ रेशमी कापडावर सुती दोऱ्याने दाट नक्षी भरायची आणि सगळं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायचं. रेशीम विरघळतं, सूत टिकतं, जाळी हातात राहते. रेशमी साडी सोड्यात घालू नकोस, असं माझी आई बजावायची ते याचसाठी.

आमच्या घरात रेशीम बंद होऊन वीस वर्षं झाली. कोष उकळताना आतल्या जिवाचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पण लोक रेशीम निदान नेसतात तरी. इथे ते विकत घ्यायचं ते विरघळवून टाकायलाच! बी.कॉम.ला कॉस्टिंगच्या पेपरात अशा घटीला आम्ही 'नॉर्मल लॉस' म्हणायचो आणि पुढचं गणित सोडवायचो.

त्या आधीची गोष्ट तर अजून मनाला लागली. भरतकामाचं पहिलं यंत्र म्युलूझ शहरातल्या जोझुए हाइलमान यांनी 1828 च्या सुमारास बनवलं. पुढे ते सेंट गॅलनच्या आसपास शेतकऱ्यांच्या घराघरांत पोचलं. यंत्र चालवणारा एक हाताने नक्षीच्या रेघेवरून काटा फिरवायचा आणि शेकडो सुया एकदम तोच टाका घालायच्या. या सुयांना दोन्हीकडे टोक आणि नेढं मध्ये असायचं. दोरा आखूड, त्यामुळे तो सारखा संपायचा. मग शेकडो सुया पुन्हा ओवायच्या कुणी? बायकांनी आणि मुलांनी. स्वित्झर्लंडमध्ये 1877 च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला बंदी झाली, पण घरातलं काम त्या कायद्यात बसत नव्हतं. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर मुलं सुया ओवतच राहिली.

यावर उपाय निघाला होता तो आपल्या ओळखीचाच, शिफली! इसाक ग्रोब्ली यांनी 1863 साली शिलाई यंत्रासारखा रिळाचा अखंड दोरा आणि खालून छोटा धोटा असं यंत्र रचलं. धोटा होडीसारखा, म्हणून 'शिफली', त्यांच्या बोलीत छोटी होडी. आपण शिफलीचे ड्रेस घेतो, पण हा अर्थ मलाही आत्ताच कळला. ते यंत्र रुळायला मात्र बरीच वर्षं गेली. जर्मनीतल्या प्लाऊएनच्या यंत्रावरच्या लेसला 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पहिल्या महायुद्धानंतर मात्र हा सगळा धंदा कोसळला.

आता खालच्या कापडासाठी रेशीम लागत नाही, पाण्यात विरघळणारं कृत्रिम कापड मिळतं. सूनबाईच्या भरतकामाच्या मशीनवर तेच दुहेरी लावलं. वर आणि बॉबिनमध्ये एकच पांढरा सुती दोरा घेतला, कारण या लेसला उलटी बाजू नसते. नक्षीचे सगळे भाग एकमेकांना टाक्यांनी जोडलेले आहेत ना, ते आधी बघून घ्या. माझं पहिलं फूल पाण्यात सुटं होऊन तरंगायला लागलं! गाळलेल्या कोमट पाण्यात लेस धुतली, पण अगदी स्वच्छ नाही. थोडा चिकटपणा राहू दिला की ती ताठ राहते. टॉवेलवर टाचण्या लावून वाळवली आणि बारीक झिगझॅग टाक्याने रनरला जोडली.

सूनबाईने विचारलं, "आई, जुनी लेस टाकून द्यायची का?" ती रेशमावरचीच असावी असं मला वाटतं. पण सासूबाईंनी जपलेली वस्तू आहे, हात धजला नाही. मलमलीत गुंडाळून पुन्हा पेटीत ठेवली.

पारण्याच्या दिवशी नवा रनर अंथरला. नातवाने पहिल्या पाच मिनिटांत त्यावर मुगाचं पाणी सांडलं. डाग निघाला, लेस मात्र जरा मऊ पडली.