स्पीकरमधली 'घूंऽऽ' : एका हट्टी आवाजाचा इतिहास

🧵 ॲम्प्लिफायर सुरू केला आहे, गाणे अजून लावलेले नाही, तरी स्पीकरमधून संथ 'घूंऽऽ' चालूच आहे. हा दोष ॲम्प्लिफायरहूनही जुना आहे. तो प्रथम छळू लागला टेलिफोनवाल्यांना.

१८३८ मध्ये म्युनिकच्या कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल यांना आढळले की तारायंत्राला परतीची दुसरी तार लागत नाही. ते काम जमीनच करते. निम्मी तार वाचली. पुढे टेलिफोन कंपन्यांनीही हीच काटकसर उचलली. फरक इतकाच, की क्षीण कुरकुरीचे तारायंत्राला सोयरसुतक नव्हते. टेलिफोनला मात्र ती स्पष्ट ऐकू येई.

१८८८ मध्ये फ्रँक स्प्रेग यांनी अमेरिकेतील रिचमंड शहरात विजेच्या ट्रॅमचे जाळे यशस्वी करून दाखवले आणि शहरोशहरी ट्रॅम धावू लागल्या. त्यांचा प्रवाह रुळांवाटे परतताना जमिनीत पाझरे आणि टेलिफोन गुरगुरू लागत. प्रकरण कोर्टात गेले. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये ट्रॅमवाल्यांच्या बाजूने कौल दिला. जमिनीवर टेलिफोनचा मक्ता नव्हता!

गंमत अशी की उपाय तयारच होता. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच त्याचे पेटंट घेतले होते : दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या. बाहेरचा उपद्रव दोहोंत सारखाच शिरतो आणि परस्परांना छेदून नाहीसा होतो. परंतु दुसऱ्या तारेचा खर्च कोणाला नको होता.

पुढची लढाई रेडिओची. आरंभीचे रेडिओ बॅटरीवर चालत, म्हणून ते शांत असत. घरातील वीज थेट व्हॉल्व्हच्या तंतूला दिली, की प्रत्येक आवर्तनासोबत तंतू किंचित तापे, किंचित निवे आणि घूं सुरू होई. १९२५ मध्ये कॅनडातील एडवर्ड रॉजर्स यांनी बॅटरीविना चालणारा रेडिओ बाजारात आणला. १९२७ मध्ये अमेरिकेत 'आरसीए'चा २२७ क्रमांकाचा व्हॉल्व्ह आला. त्यात तापणारी तार आणि इलेक्ट्रॉन सोडणारी नळी वेगळी होती. नळी सावकाश तापते, सावकाश निवते. आवर्तनांचे हेलकावे तिच्यापर्यंत पोचतच नाहीत.

उरला वीज एकदिश करण्याचा प्रश्न. भारतातील ५० हर्ट्झची वीज पूर्णपणे एकदिश केली, की १०० हर्ट्झचे तरंग उरतात. ते गिळण्याचे काम कपॅसिटरचे. जुन्या सेटमधील कपॅसिटर सुकले, की तीच खरखरीत घरघर परतते. आवाजाचे बटण फिरवूनही ती कमीजास्त होत नसेल, तर पहिला संशय त्यांच्यावर घ्यावा. (सेट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरू शकतो, झाकण जाणकारानेच उघडावे.)

इनपुटच्या केबल काढताच आवाज थांबला, तर दोष बहुधा जोडणीत असतो. ॲम्प्लिफायर एका सॉकेटवर, संगणक दुसऱ्यावर. दोघांना अर्थिंग, शिवाय दोघांमध्ये केबल. असा बंद फेरा तयार झाला, की त्यातून प्रवाह फिरतो आणि संगीतात मिसळतो. श्टाइनहाइल यांची जमीन येथे पुन्हा हजर होते.

याच टप्प्यावर लोक तीन पिनी प्लगची मोठी पिन काढून टाकतात. आवाज खरोखर थांबतो, म्हणूनच ही युक्ती इतकी टिकली. अर्थिंग नसल्याची किंमत मात्र संगीताच्या इतिहासात नोंदलेली आहे. 'स्टोन द क्रोज' या बँडचे गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे, भर मंचावर, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून दगावले. चार वर्षांनी 'यार्डबर्ड्स'चे माजी गायक कीथ रेल्फ आपल्या राहत्या घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेले. तेथेही अर्थिंग सदोष होते.

पिन शाबूत ठेवूनही फेरा तोडता येतो. सगळी यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावीत. तेवढ्याने भागले नाही, तर संगीताच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. त्यातून सूर पलीकडे जातात, पण दोन यंत्रांमध्ये तारेची सलग जोडणी राहत नाही. टेलिफोनच्या लाइनींवर याच जातीची गुंडाळी पूर्वीपासून वापरात होती.