सातबारा मोबाईलवर आला, पण त्याच्या आधीचं कोण वाचणार?

आजच्या भागाचा विषय आहे उद्याच्या डिजिटल सेवा, आणि आपण बोलणार आहोत निजामाच्या काळातल्या कागदांबद्दल. ऐकायला उलटं वाटेल. पण छत्रपती संभाजीनगरात बसून या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असं मला दिवसेंदिवस जास्त वाटायला लागलंय.

जालना रोडने शेंद्र्याला जा. तिथे ऑरिक आहे, शेंद्रा-बिडकीनची नवी औद्योगिक नगरी. २०१९च्या सप्टेंबरमध्ये ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. अख्ख्या नगरीचं पाणी, वीज, रस्त्यावरचे दिवे एका ठिकाणाहून बघायचे, अशी ती कल्पना. आता त्याच शहरातल्या विभागीय आयुक्तालयाची २०२३ सालची गोष्ट घ्या. सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत दप्तरं सोडली गेली. आणि मग लक्षात आलं की कागद आहेत, स्कॅनर आहेत, संकेतस्थळंही आहेत. वाचणारी माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. मोडी जाणणारे शोधा, जुनी उर्दू वाचणारे शोधा, अशी धावपळ सुरू झाली.

आता हे असं का झालं, त्याचा इतिहास बघू. मागे थेट मलिक अंबरापर्यंत जाता येईल, पण आज नको. आपण सुरुवात करू पहिल्या सालारजंगापासून. १८५३ ते १८८३ हा माणूस हैदराबादचा दिवाण होता. १८६५च्या सुमारास त्याने जिल्हाबंदी केली, म्हणजे मक्तेदारांच्या हातातली वसुली काढून जिल्हे, तालुके आणि पगारी अधिकारी अशी रचना उभी केली. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले. आज तुमच्या सातबाऱ्यावर जो गट नंबर दिसतो, त्याच्या मागे तो सर्व्हे नंबर असतो.

कागद कोणत्या भाषेत होते? दरबाराची भाषा आधी फारसी. १८८०च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. पण गावात पाटील-पटवारी मराठीच लिहीत होते, आणि तीही मोडीत. म्हणजे एकाच शेताची कहाणी गावात मोडीत आणि वर कचेरीत उर्दूत. मधे कुणीतरी बसून एकाचं दुसऱ्यात करायचं. मराठवाड्याच्या कारभारात हा मधला माणूस कायम महत्त्वाचा राहिलाय, हे लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

बरं, नुसती लिपी ओळखून भागत नाही. तारीखच बघा ना. हैदराबादेत फसली सन चालायचा. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि महिने आजुर, दय, बहमन असे इराणी नावांचे. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८, पोलीस ॲक्शनचं वर्ष. ज्याला हे माहीत नाही तो १३५७ वाचून चौदाव्या शतकात जाऊन पडेल! आकड्यांची आणखी वेगळी गंमत. जुन्या फारसी-उर्दू हिशेबात सियाक नावाची पद्धत असे. त्यात आकड्यांच्या जागी अरबी संख्याशब्दांची आखडलेली रूपं लिहीत. लिहिणाऱ्याचा हात घसघशीत चालायचा, वाचणाऱ्याचा डोळा मात्र थकतो.

आणि मोडी? आधी पानभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, हात न उचलता. दोन शब्दांत जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. समजा, एखाद्या नावापुढे जातीच्या जागी नुसतं ‘कु’ आहे. तो कुणबी, की कुंभार, की आणखी काही? जुना जाणकार काय करतो, तर त्याच पटवाऱ्याची मागची-पुढची वीस पानं चाळतो, त्याची सवय ओळखतो आणि मग सांगतो. त्या एका अक्षरावर कुणाचा दाखला आणि कुणाची कॉलेजातली जागा अवलंबून असू शकते.

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६०ला महाराष्ट्रात. दर वेळी कागदांचे नमुने बदलले. मधे १९५४-५५चं खासरा पत्रक तयार झालं, ज्याच्या नकलेसाठी आजही तहसिलीत अर्ज पडतात. शिंदे समितीच्या कामात जी कागदपत्रं तपासायची होती त्यांत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, १९५१चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, असं सगळं होतं. काही कागद तर हैदराबादेतच राहिलेले, तिकडे जाऊन आणावे लागले. २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला, तो तर तुम्हाला माहीतच आहे. त्याच्या राजकारणात मी शिरत नाही. मला त्या कागदांशी मतलब आहे.

आता यंत्राकडे या. २०२५मध्ये आयआयटी रूरकीच्या संशोधकांनी मोडीचं देवनागरी करणारं एआय मॉडेल जाहीर केलं. त्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीच्या दोन हजारांहून जास्त प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर असा संच तयार केला. मला हे काम फार मोलाचं वाटतं. पण यादी पुन्हा वाचा. त्यात निजामी मराठवाड्याच्या पटवाऱ्याचा हात कुठाय? पुण्याच्या दफ्तरातल्या कारकुनाचं वळण वेगळं, वैजापूर-पैठणकडच्या पटवाऱ्याचं वेगळं, आणि शब्दही वेगळे, अर्धे उर्दूतून आलेले. शिकवलेलं नाही ते यंत्र ओळखणार कसं? ते अडखळलं तर बरंच म्हणायचं. भीती याची आहे की ते अडखळणार नाही. ‘कु’चं बेधडक ‘कुणबी’ किंवा ‘कुंभार’ करून मोकळं होईल, आणि छापील देवनागरी दिसली की आपण विश्वास ठेवतो.

हे मी हवेत बोलत नाही. सातबाऱ्याच्या संगणकीकरणात आपण हे बघितलंय. हाताने लिहिलेले सातबारे टाइप झाले तेव्हा नावं बदलली, क्षेत्र बदललं, कुणाचे वारस गळाले. तहसिलीत ‘कलम १५५’चे अर्ज घेऊन उभं राहिलेलं माणूस तुमच्याही ओळखीत निघेल, महसूल संहितेतलं ते लेखनप्रमाद दुरुस्तीचं कलम. पण त्याच वेळी सरकारने एक फार शहाणपणाची गोष्ट केली, चावडी वाचन. संगणकावरचा सातबारा गावात मोठ्याने वाचायचा आणि लोकांनी चूक सांगायची. १ मे २०१८ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला, आज तो १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. त्याच्यावर जो काही भरवसा आहे, त्यात त्या चावड्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांचाही वाटा आहे.

पुढची पायरी समोर दिसतेय. २०२५मध्ये राज्य सरकारने व्हॉट्सॲपवरून सेवा देण्यासाठी मेटाशी करार केला. उद्या तुम्ही मेसेज टाकाल, ‘पणजोबांची नोंद आहे का’, आणि उत्तर येईल. तेव्हा माझी मागणी साधी आहे. उत्तराबरोबर मूळ पानाचा फोटो हवा. कोणतं अक्षर यंत्राने वाचलं आणि कोणतं माणसाने तपासलं, हे लिहिलेलं हवं. आणि यंत्राने केलेल्या लिप्यंतराचंही चावडी वाचन व्हावं. तो मधला माणूस काढून टाकून काम होणार नाही. आज जे जाणकार आहेत त्यांच्या हाताखाली प्रत्येक जिल्ह्यात पाच-दहा तरुण पगारावर बसवले पाहिजेत, सर्व्हर घेण्याच्या आधी.

जाता जाता एक. घरात ट्रंकेत उर्दू कागद, मुंतखब, सनद असं काही असेल तर लॅमिनेशन करू नका, कागद त्यात जळाल्यासारखा होतो. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाठीमागचा शेरा आणि शिक्का पुष्कळदा पुढच्या मजकुराइतकाच कामाचा असतो. मुंतखब म्हणजे नेमकं काय आणि इनाम जमिनीच्या भांडणात तो एवढा का गाजतो, ते पुढच्या भागात.