तिरक्या रेषांचा तक्ता : रेल्वेच्या नियंत्रण-आलेखाचा इतिहास

मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरमधला डॅशबोर्ड, म्हणजे विखुरलेली आकडेवारी एका पडद्यावर आणून निर्णय घेणाऱ्याला क्षणात परिस्थिती दाखवणारा फलक, ही संगणकयुगाची देणगी आहे असा सर्वसाधारण समज आहे. परंतु रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसांत, जिथून एखाद्या विभागातील सर्व गाड्यांची हालचाल दूरध्वनीवरून नियंत्रित केली जाते, वर्षानुवर्षे टेबलावर पसरलेला कागदी तक्ता पाहिला की हा समज टिकत नाही. या तक्त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये सापडते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-झ्यूल मारे यांनी आलेखपद्धतीवरील आपल्या ग्रंथात पॅरिस ते ल्यों या मार्गाचे वेळापत्रक रेषांच्या रूपाने छापले आणि या युक्तीचे श्रेय इब्री नावाच्या इंजिनिअरला दिले.

युक्ती अशी, की कागदाच्या आडव्या बाजूवर दिवसाचे तास मांडायचे, उभ्या बाजूवर स्थानके त्यांच्यातील प्रत्यक्ष अंतराच्या प्रमाणात मांडायची आणि प्रत्येक गाडीसाठी एक तिरकी रेषा काढायची. गाडी जितकी वेगवान तितकी रेषा उभी होत जाते, गाडी थांबली की रेषा आडवी पडते आणि विरुद्ध दिशेच्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्या गाड्या समोरासमोर येतात. एकेरी मार्गावर हा छेदबिंदू दोन स्थानकांच्या मधोमध पडला, तर ते वेळापत्रक अमलात येऊच शकत नाही, हे आकड्यांचे रकाने कितीही बारकाईने वाचले तरी चटकन उमगत नाही. रेषांत मात्र ते लपून राहत नाही. कोकण रेल्वेच्या प्रवाशांना हे वेगळे सांगायला नको, कारण रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाल्यापासून बहुतांश एकेरीच आहे आणि ‘गाडी क्रॉसिंगला थांबली आहे’ हे वाक्य तिथल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असते. कोलाड ते वेर्णा अशी भरलेले ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडीही, जी १९९९मध्ये सुरू झाली, याच मोजक्या छेदबिंदूंमध्ये आपली जागा शोधते.

आडव्या बाजूवरचे तास सर्व स्थानकांना एकच असल्याशिवाय असा आलेख काढता येत नाही, ही त्याची पूर्वअट होती आणि हिंदुस्थानात ती पूर्ण होणे सोपे नव्हते. मुंबईचे स्थानिक घड्याळ मद्रासच्या मागे सुमारे अर्धा तास आणि कलकत्त्याचे पुढे सुमारे अर्धा तास चाले. त्यामुळे रेल्वेने मधली मद्रास वेळ स्वीकारली. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ शहराने लगेच सोडली नाही. मुंबईकरांचा हा हट्ट समजण्यासारखा असला, तरी गाड्यांच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती.

कंट्रोल ऑफिसात या आलेखाला एक नवे काम मिळाले. फ्रेंच आलेख हे छापील वेळापत्रक होते. सेक्शन कंट्रोलर, म्हणजे ठरावीक टापूतील गाड्यांचा क्रम ठरवणारा अधिकारी, त्याच चौकटीत स्टेशन मास्तरांनी कळवलेल्या प्रत्यक्ष वेळा क्षणोक्षणी भरू लागला. गाडीच्या प्रकारानुसार पेन्सिलींचे रंग वेगळे, रूळदुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवण्याचा काळ, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, तोही तिथेच आखलेला आणि उशिराचे कारण रेषेलगतच लिहिलेले. बोरघाटासारख्या १ : ३७ चढाच्या टापूत कर्जतला मागून जोर देणारी बँकर इंजिने जोडण्यासाठी गाडी थांबली की रेषा आडवी होई आणि पुढे लोणावळ्यापर्यंत ती मंद चढत जाई, घाटातील वाहतूक कुठे तुंबते हे दाखवायला वेगळ्या अहवालाची गरज नसे. मेल मागून येत असेल, तर कंट्रोलर तिची रेषा पुढे वाढवून पाही आणि मालगाडी कोणत्या स्थानकावर लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायची हे आधीच ठरवी.

वाहतूक-सॉफ्टवेअरचे अनेक पडदे नकाशावर सरकणारे ठिपके दाखवतात. ते देखणे असतात, परंतु ठिपक्याला भूतकाळ नसतो आणि पुढच्या तासाभरात दोन वाहने एकाच धक्क्यावर येऊन अडकतील की नाही हे त्यावरून कळत नाही. रेल्वेचा तक्ता झालेले, चाललेले आणि होऊ घातलेले एकाच पृष्ठावर ठेवतो, आणि त्यासाठी गावांची वळणे, नद्या, डोंगर हे सारे गाळून मार्गाला एका सरळ उभ्या बाजूवर आणण्याची किंमत मोजतो. ही काटछाट हाच त्याच्या स्पष्टतेचा खरा आधार म्हणावा लागेल.

रेल्वेच्या संगणकीकरणासाठी १९८६मध्ये ‘क्रिस’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढे कंट्रोलरची पेन्सिल जाऊन कळफलक आला. आता काही इंजिनांची जागा उपग्रहामार्फतही कळते. तरीही कंट्रोलरसमोरच्या पडद्यावर आडवे तास, उभी स्थानके आणि तिरक्या रेषा अशीच मांडणी आहे. प्रत्यक्ष वेळांच्या रेषा यंत्र स्वतः काढते, तर मालगाडीला कुठे थांबवायचे आणि मेलला कुठे वाट द्यायची हे अजूनही कंट्रोलरच ठरवतो.