आशाताईंच्या आधीची गोष्ट : जामखेड

नांदेड असो की लातूर, गावात बाळंतपणाची वेळ आली की पहिला फोन कुणाला जातो? आशाताईंना. ही योजना देशात २००५ साली आली. पण गावातल्याच बाईने गावाचं आरोग्य सांभाळायचं, हा प्रयोग त्याच्या कितीतरी आधी आपल्या उंबऱ्यावर झाला होता. बीड जिल्हा ओलांडला की लागतं, त्या जामखेडला.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. दोघं ख्रिस्ती, दोघं वेल्लोरला शिकलेले. १९६० साली लग्न करताना त्यांनी शपथ घेतली, की आयुष्य खेड्यातल्या वंचितांसाठी घालवायचं. आधी काही वर्षं वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. तिथे एक गोष्ट सारखी टोचत राहिली. बरा करून पाठवलेला पेशंट तोच आजार घेऊन परत यायचा. कारण गावातलं पाणी तेच, उपासमार तीच. मग आपण नक्की काय भलं करतोय?

हा प्रश्न डॉक्टरकीचा होता तसा श्रद्धेचाही होता. ख्रिस्ती शिकवणीत परोपकार म्हणजे फावल्या वेळातलं दान नाही, ती प्रार्थनेसारखीच साधना आहे. भुकेल्याला, आजाऱ्याला दिलं ते देवालाच पोचलं, असं बायबल सांगतं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पैठणच्या नाथांनी काशीहून आणलेलं कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतोच की!

१९७० मध्ये दोघं जामखेडला आले. दवाखाना सुरू झाला तो जनावरांच्या एका जुन्या दवाखान्यात. आधी विचार होता गावोगावी नर्स नेमायचा. पण बाहेरच्या नर्सला खेड्यात एकटं राहणं अवघड जायचं. मग गावांनीच आपल्यातल्या बायका निवडल्या. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, सगळ्या जातींच्या बायकांनी एकत्र जेवायचं, एकत्र मुक्काम करायचा. त्या काळात हे जेवणच केवढं मोठं औषध होतं, विचार करा.

दुष्काळात हातपंप बसवायची वेळ आली, तेव्हा आरोळ्यांनी आग्रह धरला की पंप दलित वस्तीत हवेत. म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथेच यावं लागणार. भाषण नाही, भांडण नाही. तहानेनेच लोकांना वस्तीत आणलं.

आता आकडा ऐका. या गावांत १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावायची. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडचा प्रयोग छापून आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे जामखेडची एक आरोग्यसेविका अमेरिकेत एका मोठ्या परिषदेत बोलली. तिचं म्हणणं असं होतं, की डॉक्टर म्हणजे झुंबर, महागडं आणि एकाच जागी टांगलेलं. आम्ही पणत्या. एका पणतीवर दुसरी लावता येते.

बायबलमध्ये शोमरोनी माणसाची गोष्ट आहे. रस्त्यात जखमी पडलेल्याला बघून धर्माची मोठी माणसं बाजूने निघून जातात. मदतीला थांबतो तो, ज्याला समाज कमी लेखायचा. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी स्वतःला मदत करणाऱ्याच्या जागी बघतो. जामखेडने ती जागा ज्यांना गाव शिवत नव्हतं, त्या बायकांना दिली.

आणि मला वाटतं, खरी साधना इथेच आहे. दान करणं तसं सोपं, त्यात आपला हात वर राहतो. आपलं ज्ञान दुसऱ्याला देऊन टाकणं आणि उद्या आपल्यावाचून चाललं तरी आनंद मानणं, हे अवघड. तिथे अहंकार सोडावा लागतो.

मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम थांबलं नाही.

उद्या आशाताई दारात आल्या, तर पाणी विचारा. आणि हो, त्यांचं ऐकाही. भेटू पुढच्या भागात!